करवंटीचा कोळसा पाण्यातले विष धरतो, पण केव्हा?



पट्टा पडला, गाळप संपले, की आपल्याकडे उसाच्या गोष्टी थोड्या मागे पडतात आणि पाण्याच्या गोष्टी पुढे येतात. विहिरीला किती हात पाणी आहे, बोअर किती तास चालते, पाळी कधी येणार, हेच जो तो विचारतो. पाणी किती, हा प्रश्न आपल्या अंगवळणी पडला आहे. पाणी कसले, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

अलीकडे गट ऑफिसात काही सभासद एक वेगळाच प्रश्न घेऊन येतात. "फळांच्या सालींचा, करवंट्यांचा कोळसा पाण्यातलं शिसं-पारा ओढून घेतो म्हणतात. मग विहिरीत दोन-चार पोती कोळसा टाकला तर भागेल का?" ज्यांच्या विहिरी औद्योगिक वसाहतीच्या किंवा जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या भट्ट्यांच्या खालच्या अंगाला आहेत, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न गमतीचा नाही. घरातली पोरंबाळं आणि गोठ्यातली जनावरं तेच पाणी पितात.

या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येते. असा कोळसा जड धातू धरतो, हे खरे आहे. पण विहिरीत पोती ओतून विहीर शुद्ध होत नाही, हेही तितकेच खरे आहे. या दोन वाक्यांच्या मधले जे शास्त्र आहे, ते प्रत्येक सभासदाने समजून घ्यावे म्हणून हा लेख.

जड धातू: ना रंग, ना वास

शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांना ढोबळमानाने जड धातू म्हणतात. आर्सेनिक, म्हणजे सोमल, हाही विषारीपणामुळे त्यांच्याच पंगतीला बसतो. यातले काही धातू जमिनीत मुळातच असतात. काही मुलामा देण्याच्या कारखान्यांतून, चामडे कमावण्याच्या धंद्यातून, रंगांतून, बॅटऱ्यांतून आणि खाणींच्या गाळातून पाण्यात उतरतात.

गढूळ पाणी डोळ्यांना कळते, कुजके पाणी नाकाला कळते, मचूळ पाणी जिभेला कळते. पण एक लिटर पाण्यात शिशाचा एक मिलिग्रॅमचा अंश असला तरी पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. शिवाय हे विष झटकन मारत नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. कॅडमियम मूत्रपिंडात साठत जाते. पारा मज्जातंतूंना जखडतो. वर्षानुवर्षे थोडेथोडे पोटात जाते आणि दुखणे उघडे पडते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत. उलट वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात धातूचे प्रमाण किंचित वाढते. तुरटीने गाळ बसतो, ब्लीचिंग पावडरने जंतू जातात; पण विरघळलेल्या धातूंसाठी घरगुती वापरातल्या या दोन्ही वस्तूंवर विसंबता येत नाही.

आपल्यासारख्या पाटपाण्यावर शेती करणाऱ्यांनी जपानमधली एक हकीकत मुद्दाम ध्यानात ठेवावी. तेथील तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताच्या खाणी होत्या. खाणीचे कॅडमियममिश्रित पाणी नदीत यायचे, नदीचे पाणी पाटाने भातखाचरांत जायचे. भात दिसायला चांगला होता, लोक तोच खात होते. पुढे गावातल्या प्रौढ बायकांना हाडांच्या असह्य वेदना सुरू झाल्या. हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीनेही मोडत. रोगी सारखे "इताई, इताई", म्हणजे "दुखतंय, दुखतंय", म्हणत. म्हणून त्या रोगाचे नावच "इताई-इताई" पडले. तेथील डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी हा खाणीच्या पाण्याचा परिणाम आहे असे ठामपणे मांडले. १९६८ साली जपान सरकारने ते मान्य केले. पुढे शेतकरी न्यायालयात गेले आणि जिंकलेही. पण जमिनीत मुरलेले कॅडमियम न्यायालयाच्या निकालाने निघत नाही. खाचरांची माती बदलण्याचे काम १९७९ मध्ये सुरू झाले ते २०१२ मध्ये पुरे झाले. तेहतीस वर्षे! एका पिढीने घाण केली आणि दुसऱ्या पिढीने ती उपसली.

साखरेच्या धंद्याची आणि कोळशाची जुनी सोयरीक

कोळशाने पाणी शुद्ध होते, हे आपल्याकडे नवीन नाही. वाळू आणि कोळसा भरलेली एकावर एक मडकी ठेवून पाणी गाळण्याची रीत अनेक सभासदांनी पाहिली असेल. पण कोळशाला शास्त्रात मान मिळवून देण्यात साखरेच्या धंद्याचा मोठा वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

१७८५ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे टोबियास लोव्हिट्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ टार्टारिक आम्लाचे स्फटिक तयार करीत होते. त्यांचा द्रव तपकिरी पडत असे. त्यात कोळशाची पूड मिसळल्यावर रंग निघून जातो, असे त्यांच्या ध्यानात आले. नऊ वर्षांनी, १७९४ मध्ये, इंग्लंडमधल्या एका साखर शुद्धीकरणाच्या कारखान्यात रस निर्मळ करण्यासाठी लाकडी कोळसा वापरला गेला. १८११ मध्ये फ्रान्समधल्या फिगिए यांनी हाडांचा कोळसा याहून सरस असल्याचे दाखविले. पुढे शंभर वर्षे युरोपातल्या पांढऱ्याशुभ्र साखरेमागे हा काळा कोळसाच उभा होता. आपल्याकडच्या बहुतेक सहकारी कारखान्यांत चुना आणि गंधकाचा धूर यांनी रस निवळण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे कोळशाची आणि आपली गाठ क्वचितच पडते. पण ही सोयरीक जुनी आहे.

फळांच्या कोयींना आणि करवंट्यांना मोल आले ते मात्र लढाईमुळे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. त्यापासून बचावासाठी मुखवटे हवे होते आणि मुखवट्यात वायू अडवणारा कोळसा हवा होता. लाकडाचा साधा कोळसा पुरा पडेना. नारळाच्या करवंटीचा आणि फळांच्या टणक कोयींचा कोळसा सर्वांत उत्तम ठरला. १९१८ मध्ये अमेरिकेत पीच, जर्दाळू, आलुबुखार यांच्या कोयी आणि अक्रोडाची टरफले गोळा करण्याची मोहीमच निघाली. शाळेतली मुले घरोघर फिरून कोयी जमवीत. एका मुखवट्याला लागणाऱ्या कोळशासाठी सात पौंड, म्हणजे तीन किलोहून थोड्या अधिक कोयी लागत, असे त्या वेळी लोकांना सांगण्यात येई. खाऊन फेकलेल्या कोयीने रणांगणावरच्या माणसाचा श्वास राखला.

एका ग्रॅममध्ये दहा गुंठे

आता हा कोळसा नेमके काय करतो ते पाहू.

स्पंज पाणी पितो तसा कोळसा धातू पीत नाही. धातूचे कण कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात. म्हणून कोळसा किती किलो आहे यापेक्षा त्याला पृष्ठभाग किती आहे, याला महत्त्व. चुलीतल्या कोळशाची छिद्रे डांबरासारख्या पदार्थांनी आणि राखेने बुजलेली असतात. तीच छिद्रे मोकळी केली, आत आणखी बारीक वाटा पाडल्या, की त्याला सक्रिय कोळसा किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात.

हे दोन प्रकारे करतात. पहिल्या प्रकारात करवंट्या हवा कोंडून भाजतात आणि तयार झालेल्या कोळशावर आठशे ते हजार अंश सेल्सिअसला वाफ सोडतात. वाफ कोळसा आतून पोखरते. दुसऱ्या प्रकारात वाळवून भरडलेल्या कोयी किंवा साली आधी फॉस्फरिक आम्लासारख्या रसायनात भिजवतात, मग बंद भट्टीत चारशे-पाचशे अंशांवर भाजतात आणि आम्ल निघेपर्यंत धुतात. कच्च्या मालाचा बराच भाग यात जातो. शंभर किलो करवंट्यांचा तीसेक किलो कोळसा पडतो आणि वाफेने पोखरून झाल्यावर दहा-पंधरा किलो सक्रिय कोळसा हाती लागतो.

पण त्या दहा-पंधरा किलोंत जे असते ते अजब आहे. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला आतल्या भिंती धरून सुमारे हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. आपल्या हिशेबात सांगायचे तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन! चार ग्रॅम म्हणजे एक एकर. एवढे मोठे रान एका चमच्यात दुमडून बसवलेले असते.

मात्र नुसते रान असून चालत नाही; जनावर बांधायला खुंटा लागतो. कोळशाच्या भिंतींवर जागोजागी प्राणवायू जोडलेली ठिकाणे असतात. शिसे, कॅडमियम, निकेल यांचे विरघळलेले कण धनभारित असतात. ते या ठिकाणांना धरून राहतात. हेच ते खुंटे. पाण्याचा रंग आणि वास घालवायला मोकळे रान पुरते; धातू धरायला खुंटे लागतात. म्हणून रंग उत्तम काढणारा कोळसा धातूही उत्तम काढील असे समजू नये. दुकानातून सक्रिय कोळसा आणला म्हणजे काम झाले, असे नाही. तो कशासाठी बनवला आहे, हे विचारावे लागते.

साल, कोय, करवंटी आणि आपली बगॅसची राख

फळांचा टाकाऊ भाग या कामाला का चालतो, याची दोन कारणे आहेत. करवंटी आणि कोयीचे कवच टणक असते, त्याचा कोळसा भुगा न होता दाणेदार राहतो, पाण्याच्या प्रवाहात टिकतो. संत्रे, मोसंबी, केळे यांच्या सालींत पेक्टिन असते. मुरंब्याला आणि जेलीला घट्टपणा आणणारा तोच हा पदार्थ. पेक्टिनवर धातू धरणारी ठिकाणे निसर्गतःच असतात.

आपल्या देशात यावर बरेच काम झाले आहे. अलीगढच्या संशोधकांनी २००० साली संत्र्याच्या सालीने मुलामा कारखान्याच्या सांडपाण्यातील निकेल काढून दाखविले आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने ते निकेल परतही मिळविले. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठातील संशोधकांनी नारळाच्या काथ्याच्या भुशाचा कोळसा करून कारखान्यांच्या सांडपाण्यातले पारा, शिसे, कॅडमियम, निकेल, तांबे काढण्याचे प्रयोग २००१ च्या सुमारास प्रसिद्ध केले.

आणि आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट अशी की रुरकी येथील संशोधकांनी साखर कारखान्याच्या बॉयलरमधून निघणारी बगॅसची राख या कामासाठी तपासली. तिने कॅडमियम, निकेल, शिसे, क्रोमियम पाण्यातून काढता येतात, हे त्यांनी २००३-०४ च्या सुमारास दाखवून दिले. जी राख आपण खड्डे बुजवायला वापरतो, तिच्यातल्या अर्धवट जळालेल्या कोळशाच्या कणांत हा गुण आहे.

परंतु येथे हुरळून जाऊ नये. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा हा बाजारातला पक्का माल आहे. दक्षिणेत त्याचे कारखाने आहेत आणि तो परदेशीही जातो. संत्र्याची, केळीची, डाळिंबाची साल किंवा आंब्याची कोय यांचे बहुतेक काम मात्र अजून प्रयोगशाळेच्या काचपात्रातले आहे. कच्ची साल तशीच पाण्यात टाकली तर ती कुजते, पाण्याला रंग आणते, वास आणते. म्हणूनच तिचा कोळसा करायचा. विहिरीत साली टाकण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

कोळसा कोठे थकतो

खुंट्यांचा दृष्टांत पुढे चालवू, म्हणजे कोळशाच्या मर्यादा आपोआप कळतील.

पहिली गोष्ट, खुंटे मोजके असतात. ते भरले की पुढची जनावरे मोकळी सुटतात. कोळसा भरला की गाळणीतून धातू तसाच पार होऊ लागतो आणि पाणी पूर्वीइतकेच स्वच्छ दिसते. गाळणी बिघडल्याचे डोळ्यांना कळतच नाही.

दुसरी गोष्ट, खुंट्यांवर हक्क सांगणारे इतरही असतात. आपल्या भागातल्या पुष्कळ विहिरी-बोअरचे पाणी कठीण आहे. भांड्याला पांढरा थर बसतो तो त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. शिशाचा एक कण असेल तेथे यांचे हजारो कण असतात. शिशाची पकड घट्ट असली तरी गर्दीपुढे तिचेही थोडे चालेनासे होते. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात धातू विरघळवून काढलेला आकडा आपल्या विहिरीला जसाच्या तसा लागू पडत नाही तो यामुळे.

तिसरी गोष्ट पाण्याच्या आम्लतेची. आम्लता फार असली की आम्लाचे कणच खुंटे अडवतात आणि शिसे-कॅडमियम बाहेर राहते. सामू पाच-सहाच्या आसपास असला की काम चांगले होते. क्रोमियमची तऱ्हा उलटी. त्याचे अधिक विषारी रूप पाण्यात ऋणभारित असते, ते आम्लयुक्त पाण्यातच कोळशाला नीट लागते. म्हणजे एकाच गाळणीने, एकाच वेळी, सगळे धातू सारखेच निघतील ही अपेक्षा चुकीची आहे.

आता विहिरीत पोती टाकण्याचा हिशेब करून पाहू. समजा वीस फूट व्यासाची विहीर आहे आणि तिच्यात पंधरा फूट पाणी आहे. ते झाले सुमारे एक लाख तेहतीस हजार लिटर. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे नसावे. म्हणजे एवढ्या विहिरीत सव्वा ग्रॅमच्या आसपास. समजा आपल्या विहिरीत त्याच्या दहापट आहे, म्हणजे तेरा ग्रॅम. कोळशाचा एक ग्रॅम वीस मिलिग्रॅम शिसे धरतो असे प्रयोगशाळेने सांगितले, तर कागदावर साडेसहाशे ग्रॅम कोळसा पुरला! ऐकून बरे वाटते. पण वीस मिलिग्रॅमचा आकडा शिसे भरपूर असलेल्या द्रवातला; पाण्यात धातू विरळ झाला की पकडही त्या मानाने उतरते. कठीण पाण्यामुळे ती आणखी उतरते. शिवाय विहिरीत टाकलेला कोळसा तळाला बसतो, वरच्या पाण्याशी त्याची भेट होत नाही. आणि सर्वांत मोठे म्हणजे विहीर ही बंद टाकी नाही. दिवसभर मोटार चालली की जुने पाणी शेतात गेले आणि झऱ्यातून नवे, तेवढेच दूषित पाणी आत आले. वरचा ओघळ चालू असताना विहिरीत कोळसा टाकणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोळसा धातू नाहीसा करीत नाही. सेंद्रिय घाण कुजून तिचे दुसरे काही होते; शिशाचे शिसेच राहते. पाण्यातले विष कोळशात आले, एवढेच. असा भरलेला कोळसा उकिरड्यावर, शेतात किंवा शेणखतात टाकला, तर पावसाने आणि आम्लाने खुंट्यांवरची दावी सुटतात आणि धातू पुन्हा जमिनीत उतरतो. चुलीत जाळला तर राखेतून आणि धुरातून घरात येतो. कारखान्यातून निघालेला असा कोळसा घातक कचऱ्याच्या नियमाप्रमाणे वेगळा ठेवून अधिकृत ठिकाणीच गेला पाहिजे.

आधी चुना, मग कोळसा

मग कोळशाची खरी जागा कोणती? जेथे विष पाण्यात मिसळते त्या दाराशी, आणि तेथेही शेवटच्या पायरीला.

मुलाम्याच्या किंवा चामड्याच्या कारखान्याच्या सांडपाण्यात धातू भरपूर असतो. तेवढा सगळा कोळशाने काढायचा म्हटले तर कोळसाही पुरणार नाही आणि पैसाही. म्हणून आधी चुना घालतात. सामू वाढला की शिसे, निकेल, क्रोमियम यांचा साका तळाला बसतो. क्रोमियमचे विषारी रूप चुन्याला दाद देत नाही. त्यावर आधी गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डाय-ऑक्साईड किंवा तत्सम रसायन देऊन ते साध्या रूपात आणतात आणि मग चुना देतात. सभासदांना गंमत वाटेल, पण रस निवळण्यासाठी आपल्या कारखान्यात जी दोन द्रव्ये रोज वापरतात, तीच ही दोन. या पायरीने बहुतांश धातू खाली बसतो. उरलेला चिवट, विरळ अंश टिपायला कोळशाचे स्तंभ लावावेत. तेथे पाणी ठराविक वेगाने सोडता येते, सामू राखता येतो, बाहेर पडणाऱ्या पाण्याची रोज तपासणी करता येते आणि कोळसा भरला की बदलता येतो. विहिरीत यातले एकही काम होत नाही.

दाराशी हे काम न केल्यास काय होते, याचे उदाहरण तमिळनाडूतील राणीपेट येथे आहे. तेथील क्रोमेट बनविणारा एक कारखाना १९९५ च्या सुमारास बंद पडला. पण त्याच्या आवारात लाखाहून अधिक टन क्रोमियमयुक्त कचऱ्याचा ढीग मागे राहिला आणि आजूबाजूच्या भूजलात क्रोमियम उतरत गेले. कारखान्याला कुलूप लागले, ओघळाला लागले नाही.

येथे आपल्या स्वतःच्या कारखान्याविषयीही सरळ बोलले पाहिजे. साखर कारखान्याच्या आणि आसवनीच्या सांडपाण्याचा मुख्य दोष म्हणजे त्यातली सेंद्रिय घाण आणि रंग. ती पाण्यातला प्राणवायू खाते, मासे मरतात, विहिरी तांबूस होतात. तो दोष लहान नाही आणि त्याची शुद्धीकरणाची पद्धत वेगळी आहे. जड धातूंचे प्रकरण मुख्यतः इतर धंद्यांचे आहे. दोन्हींची गल्लत करू नये. आणि एकाकडे बोट दाखवून दुसऱ्याकडे डोळेझाकही करू नये.

सभासदांनी काय करावे

१. शंका असेल तर आधी तपासणी. नेहमीच्या पाणी तपासणीत जड धातू बहुधा नसतात. कोणते धातू तपासायचे ते लेखी सांगावे लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करावी.

२. नमुना घरातल्या तेलाच्या किंवा औषधाच्या बाटलीत नेऊ नये. धातूंसाठीच्या नमुन्यात आम्ल घालून तो टिकवावा लागतो. बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी.

३. अहवालातले आकडे मानकाशी ताडून पाहावेत. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१, एकूण क्रोमियम ०.०५ आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, ही कमाल मर्यादा आहे.

४. बाजारात मिळणारे टीडीएसचे यंत्र पाण्यातले एकूण क्षार दाखवते. त्यावर आकडा कमी आला म्हणून शिसे नाही, असे होत नाही.

५. पाणी दूषित ठरले तर पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि जनावरांसाठी ताबडतोब दुसरा स्रोत धरावा. लहान मुले आणि गरोदर बायका यांच्याबाबत एक दिवसाचीही चालढकल नको. दूषित पाण्यावर पालेभाज्या घेऊ नयेत. त्या कॅडमियम चटकन उचलतात.

६. घरगुती गाळणी घ्यायची तर कोणत्या धातूसाठी, किती लिटरपर्यंत, याचा लेखी दाखला असलेलीच घ्यावी. भाग वेळेवर बदलावा आणि गाळलेल्या पाण्याचीही तपासणी करून घ्यावी. उलट परासरणाच्या, म्हणजे आर.ओ. यंत्राने धातू कमी होतात. पण त्यातून बाहेर टाकलेल्या पाण्यात ते साठलेले असतात, ते पाणी परसातल्या भाजीला घालू नये.

७. ओघळ कोठून येतो याचा माग काढावा. एकट्याने भांडण्यापेक्षा पाच-दहा विहिरींचे नमुने एकाच दिवशी घेऊन, पाणीपुरवठा संस्थेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावासह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध कायद्याने ते मंडळाचे कामच आहे. वरच्या विहिरीत जास्त आणि खालच्या विहिरीत कमी, असे आकडे कागदावर आले की ओघळाची दिशा आपोआप दिसते.

शेवटी एवढेच

टाकाऊ कोयी-करवंट्यांतून असे गुणी द्रव्य तयार होते, ही आनंदाची गोष्ट आहे. आमरस आणि संत्र्याच्या रसाचे कारखाने जेथे आहेत तेथे साली-कोयींचे ढीग पडतात, आपल्याकडे बगॅसच्या राखेचे ढीग पडतात. यातून उद्या एखादा जोडधंदा उभा राहिला तर सहकारी चळवळीला तो शोभेलच. त्यासाठी प्रयोगशाळेतला आकडा प्रत्यक्ष सांडपाण्यावर सिद्ध व्हायला हवा आणि भरलेल्या कोळशाची विल्हेवाट आधी ठरायला हवी.

मात्र कोळसा आहे म्हणून पाणी बिघडले तरी चालेल, असा अर्थ कोणी काढू नये. जिंझू नदीकाठच्या शेतकऱ्यांना माती बदलायला तेहतीस वर्षे लागली. आपल्या काळ्या जमिनीला आणि तिच्याखालच्या झऱ्यांना बदली देता येत नाही. कोळसा हा शेवटचा राखणदार आहे. पहिला राखणदार ज्याची विहीर त्यानेच व्हायचे आहे. म्हणून येत्या उन्हाळ्यात मोटारीची आणि केबलची तपासणी कराल, तेव्हा पाण्याचीही एक बाटली तपासायला पाठवा.